मॅन्युअल गाडीचा गिअर जड पडतो, अडतो किंवा घासतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि आसपासच्या तालुक्यांतून आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्यांच्या तक्रारींत "गिअर हार्ड जातोय" ही तक्रार नेहमीची आहे आणि तिच्यापाठोपाठ येणारा प्रश्नही ठरलेला असतो : "आता गिअरबॉक्स उतरवावा लागणार का?" आमच्या अनुभवात बहुतेक वेळा त्याचे उत्तर "नाही" असे निघते, निदान तो निर्णय पहिल्याच दिवशी घ्यायचा नसतो. दोष क्लचमध्ये आहे, लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीत आहे, ऑइलमध्ये आहे की खरोखर गिअरबॉक्सच्या पोटात आहे, हे पाना हातात घेण्यापूर्वीच बऱ्याच अंशी ठरवता येते. गाडीमालकाला हा क्रम माहीत असला की नको असलेला खर्च टळतो, म्हणून इथली उत्तरे थोडी सविस्तर दिली आहेत.

तक्रार सांगताना मिस्त्रींना नेमके काय सांगावे?

"हार्ड जातो" या दोन शब्दांत किमान तीन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. गिअर पडतो पण लिव्हरला हाताचा जोर लावावा लागतो, ही पहिली. लिव्हर सहज हलतो पण गिअरच्या तोंडाशी जाऊन अडतो आणि आत शिरत नाही, ही दुसरी. गिअर शिरतो, पण शिरताना "कर्र" असा घासल्याचा आवाज येतो, ही तिसरी. पहिलीचा रोख बहुधा लिव्हरच्या जोडणीकडे किंवा घट्ट ऑइलकडे असतो, दुसरीचा क्लचकडे आणि तिसरीचा क्लच किंवा सिंक्रो रिंग (गिअर शिरण्यापूर्वी वेग जुळवणारे कडे) यांपैकी एकाकडे.

याशिवाय त्रास सगळ्या गिअरना होतो की एखाद्यालाच, गाडी उभी असताना होतो की चालताना, सकाळी थंड इंजिनवर होतो की तासभर चालवल्यावर, वरचा गिअर टाकताना होतो की खालचा, या गोष्टी दोन दिवस लक्ष देऊन पाहाव्यात आणि कागदावर लिहून आणाव्यात. त्रास सुरू होण्यापूर्वी गाडीचे कोणते काम झाले होते, हे सांगायला तर मुळीच विसरू नये. क्लच प्लेट बदलली, ऑइल बदलले, नवीन मॅट टाकले, गाडी महिनाभर उभी होती, यांपैकी एका वाक्यात अनेकदा अर्धे निदान होऊन जाते.

घरच्या घरी करण्यासारखी पहिली तपासणी कोणती?

सपाट जागी गाडी उभी करावी, हॅण्डब्रेक पूर्ण ओढावा आणि इंजिन बंद ठेवून, क्लच तळापर्यंत दाबून, पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळे गिअर सावकाश टाकून पाहावेत. त्यानंतर इंजिन चालू करून, न्यूट्रलमध्ये एक मिनिट थांबून, तेच पुन्हा करावे. या तपासणीला एक रुपयाही लागत नाही, पण माझ्या मते संपूर्ण निदानात हिच्याइतकी मोलाची दुसरी पायरी नाही.

इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात किंवा घासतात, असे असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, हा संशय सर्वांत आधी घ्यावा. उलट इंजिन बंद असतानाही लिव्हर तितकाच जड लागत असेल तर क्लचचा संबंध कमी आणि गिअरची केबल, बुश (जोडणीतल्या सांध्यातली लहान कडी), लिव्हरचा सांधा, गिअर ऑइल किंवा गिअरबॉक्सच्या आतले भाग यांचा संबंध जास्त. यात एक खबरदारी घ्यावी लागते. गाडी उभी आणि इंजिन बंद असताना गिअरचे दाते कधी कधी समोरासमोर येऊन टेकतात आणि चांगल्या गाडीचाही एखादा गिअर शिरत नाही. अशा वेळी जोर न लावता न्यूट्रलला यावे, गाडी हॅण्डब्रेक सोडून वीतभर पुढे-मागे सरकवावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. तो गिअर आता पडला तर त्याला दोष धरू नये.

क्लच पूर्ण सुटत नाही, हे खात्रीने कसे ओळखावे?

त्यासाठी आत काय घडते ते थोडक्यात समजून घ्यावे लागेल. क्लचचे पेडल वर असते तेव्हा क्लच प्लेट फ्लायव्हील (इंजिनबरोबर फिरणारी जड चकती) आणि तिच्यावर बसवलेली प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घट्ट दाबलेली असते आणि इंजिनबरोबर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्समध्ये फिरकी नेणारा दांडा) फिरतो. पेडल दाबले की प्लेट मोकळी होते. मग सिंक्रो रिंग नावाचे, बहुधा पितळी, कडे गिअरच्या उतरत्या कोनावर (शंकूसारख्या भागावर) घासून शाफ्टचा आणि गिअरचा वेग सारखा करते आणि वेग जुळल्यावरच स्लीव्हला, म्हणजे गिअर जोडणाऱ्या सरकत्या कड्याला, आत शिरू देते. क्लच अर्धवट सुटला तर त्या लहानशा कड्याला एकट्या शाफ्टचा नव्हे तर चालू इंजिनचा वेग आवरावा लागतो, आणि ते त्याला जमत नाही. म्हणून गिअर अडतो. असेच चालवत राहिल्यास चांगले कडेही झिजते, आणि काही महिन्यांनी क्लच दुरुस्त करूनही गिअर घासतच राहतो. क्लचची तक्रार लांबणीवर टाकू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो ते यासाठी.

ओळखण्याची रीत सोपी आहे. इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवून, न्यूट्रलमध्ये पेडल वर सोडावे. मग पेडल तळापर्यंत दाबून पाच-सहा सेकंद थांबावे आणि त्यानंतर रिव्हर्स टाकावा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग नसते, त्यामुळे पेडल दाबल्या दाबल्या रिव्हर्स टाकला तर तो थोडा घासणे स्वाभाविक आहे, कारण शाफ्ट अजून फिरत असतो. पाच-सहा सेकंदांत मात्र तो थांबायला हवा. इतके थांबूनही "कर्र" आवाज आला तर शाफ्टला कोणीतरी फिरवत आहे, म्हणजेच क्लच सुटलेला नाही. दुसरी खूण : मोकळ्या सपाट मैदानात, समोर कोणी नसताना, ब्रेकवर पाय ठेवून पहिला गिअर टाकावा, क्लच दाबलेलाच ठेवावा आणि ब्रेक हळू सोडून पाहावा. गाडी पुढे ओढ घेत असेल तर निदान पक्के समजावे. इंजिनचा आयडल वाजवीपेक्षा जास्त असेल तर ही लक्षणे अधिक ठळक दिसतात, म्हणून आयडलही तपासून घ्यावा.

क्लच न सुटण्याची कारणे कोणती, आणि कोणत्या क्रमाने पाहावीत?

स्वस्तापासून महागापर्यंत, हाच योग्य क्रम. सर्वांत आधी पेडलखाली वाकून पाहावे. काही वर्षांपूर्वी तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार गाडी घेऊन आले होते. गिअर अडत होता, रिव्हर्स घासत होता, आणि मी सगळी लक्षणे क्लचची आहेत हे बरोबर ओळखून थेट गिअरबॉक्स उतरवायला घेतला. प्लेट चांगली निघाली, बेअरिंग चांगले निघाले, आणि सगळे परत जोडल्यावर कळले की महिन्यापूर्वी घातलेले जाड रबरी मॅट पेडलखाली दुमडून बसले होते आणि पेडल तळाला टेकतच नव्हते. त्या दिवसाची मजुरी मी घेतली नाही, आणि तेव्हापासून आमच्याकडे आलेल्या प्रत्येक गाडीचे मॅट आधी बाहेर निघते.

त्यानंतर गाडीत केबलचा क्लच आहे की ऑइलचा, हे पाहावे. मारुती ८०० किंवा अल्टोसारख्या लहान गाड्यांत केबल असते. केबल ताणली गेली की पेडलचा फ्री प्ले वाढतो, म्हणजे सुरुवातीचा बराच प्रवास फुकट जातो आणि उरलेल्या प्रवासात प्लेट पुरती सुटत नाही. गिअरबॉक्सकडच्या टोकाला असलेला नट फिरवून हा प्ले कंपनीच्या पुस्तकातील मापात आणता येतो. तो अजिबात न ठेवणेही चूक आहे, कारण मग क्लच सतत किंचित दाबलेला राहून घसरतो आणि प्लेट जळते. केबलच्या तारा आतून तुटू लागल्या असतील तर पेडल जड आणि खरखरीत लागते. अशी केबल ॲडजस्ट करण्यात वेळ न घालवता बदलावी.

प्लेट झिजत गेली की प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटे वर येतात आणि पेडल वर्षभरात हळूहळू जड होत जाते. रोज तीच गाडी चालवणाऱ्याला ते कळत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणी चालवली की "पेडल केवढे जड आहे" असे पहिल्याच मिनिटाला ऐकू येते. बोलेरोसारख्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत फ्लायव्हीलच्या मध्यभागी एक पायलट बेअरिंग असते. ते जाम झाले तर क्लच पूर्ण सुटूनही शाफ्ट इंजिनबरोबर फिरत राहतो आणि सगळी लक्षणे हुबेहूब क्लच न सुटल्यासारखीच दिसतात. ते बाहेरून तपासता येत नाही, म्हणून या गाड्यांचा गिअरबॉक्स कोणत्याही कारणाने उतरलाच तर ते बेअरिंग हाताने फिरवून पाहिल्याशिवाय परत जोडू देऊ नये.

पेडल दोन-तीनदा मारल्यावर गिअर सहज पडतो. हे कशाचे लक्षण आहे?

हे ऑइलच्या क्लचमध्ये हवा शिरल्याचे किंवा सील गळत असल्याचे लक्षण आहे. पेडलच्या मागे मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर असतो. दोघांमधल्या नळीतले ऑइल दाब पोहोचवते. हवा दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. त्यामुळे हवा असली की पेडलचा प्रवास तिला दाबण्यातच संपतो, आणि दोन-तीनदा मारल्यावर मागून ऑइल येऊन दाब तात्पुरता भरतो.

डॅशबोर्डखाली, पेडलची दांडी जिथे मास्टर सिलिंडरमध्ये जाते तिथे बोट फिरवून पाहावे. ओल लागली तर मास्टरचे सील गेले. स्लेव्हचे रबरी टोपण उचलून तिथेही पाहावे. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर रिलीज बेअरिंगला (क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगला) जोडून गिअरबॉक्सच्या घंटेत (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणात) असतो, तिथली गळती बाहेर दिसत नाही. क्लचच्या ऑइलच्या डबीतले ऑइल कमी होत जाणे आणि घंटेच्या खालच्या सांध्यातून थेंब पडणे, एवढीच खूण मिळते. कधी बाहेर काहीच गळत नाही आणि तरी पेडल दाबून धरल्यावर दहा-पंधरा सेकंदांत गाडी ओढ घेऊ लागते. तेव्हा मास्टरच्या आतले सील दाब मागे सोडत असते.

अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची डबी एकच असते, म्हणून ही गळती केवळ गिअरचा प्रश्न समजू नये. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल तेच ऑइल घालावे. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते, आणि पाणी मिसळलेले ऑइल तापल्यावर त्यात वाफ होते. तासभर चालवल्यावर क्लच बिघडण्यामागे हेही कारण असू शकते. अर्धवट उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नये. इंजिन ऑइलचा एक थेंबही या डबीत जाऊ देऊ नये, कारण त्याने सगळी रबरे फुगतात.

नवीन क्लच बसवल्यापासूनच गिअर जड झाला आहे. "नवीन आहे, सेट होईल" हे उत्तर बरोबर आहे का?

नाही. नव्या प्लेटला पकड यायला थोडे अंतर चालावे लागते हे खरे, पण नवा क्लच पहिल्या दिवसापासून पूर्ण सुटला पाहिजे. तो सुटत नसेल तर जोडणीत काहीतरी चुकले आहे. गिअरबॉक्स परत चढवताना त्याचे वजन क्षणभर जरी प्लेटच्या मधल्या हबवर लोंबकळले, तरी प्लेट किंचित वाकते, आणि वाकलेली प्लेट सुटल्यावरही फ्लायव्हीलला एका बाजूने घासत राहते. एकट्या माणसाने जॅकशिवाय गिअरबॉक्स चढवू नये, याचे हेच कारण आहे. प्लेट उलट्या बाजूने बसणे, शाफ्टच्या खाचांना ग्रीस न लागल्यामुळे प्लेट न सरकणे, ऑइलच्या क्लचमधली हवा न काढणे, केबलचा प्ले जुन्याच मापावर राहणे, ही बाकीची कारणे. हवा आणि प्ले आधी तपासावेत, कारण ते अर्ध्या तासाचे काम आहे. त्यात दोष न निघाल्यास गाडी ज्यांनी काम केले त्यांच्याकडेच नेऊन, शांतपणे पण ठामपणे, पुन्हा उघडायला सांगावे.

थंडीत सकाळी दुसरा गिअर जड जातो आणि चार-पाच किलोमीटरनंतर ठीक होतो. काळजी करावी का?

फारशी नाही, पण कारण समजून घ्यावे. थंड ऑइल घट्ट असते, आणि सिंक्रो रिंगला कोनावर पकड घेण्यासाठी मधला ऑइलचा थर आधी बाजूला सारावा लागतो. थर घट्ट असला की वेळ लागतो. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वर किंवा पाचगणीला रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत हे सांगलीपेक्षा अधिक जाणवेल. पहिली काही मिनिटे सावकाश चालवावे आणि लिव्हर गिअरच्या तोंडाशी क्षणभर थांबवून मग पुढे ढकलावा, एवढे पुरते.

पण दरवर्षी हा त्रास वाढत असेल, किंवा ऑइल बदलल्यापासूनच सुरू झाला असेल, तर गाडीत कोणते ऑइल गेले ते विचारावे. अनेक गॅरेजमध्ये ९० नंबरच्या गिअर ऑइलचा एकच बॅरल असतो आणि तेच सगळ्या गाड्यांत जाते. आजच्या बऱ्याच लहान गाड्यांना ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० असे पातळ ऑइल लागते. त्यांत जाड ऑइल भरले की सकाळचा गिअर जड होणारच. याच्या उलट, गाडी गरम झाल्यावर गिअर अडू लागत असेल तर गिअर ऑइलचा विचार बाजूला ठेवून क्लचकडे पाहावे.

जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या प्रकारांत फरक काय? मोठा आकडा चांगला ना?

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्याचे उत्तर वेगळे द्यावे लागते. आकडा दर्जा दाखवत नाही, उपयोग दाखवतो. जीएल-५ हे प्रामुख्याने मागच्या एक्सलमधल्या डिफरन्शियलसारख्या, दातांवर प्रचंड घसरता दाब येणाऱ्या ठिकाणांसाठी बनवलेले असते आणि त्यात गंधक-फॉस्फरसची रसायने जास्त असतात. त्यांतली काही रसायने पितळ आणि तांबे खातात. शिवाय या ऑइलच्या निसरडेपणामुळे सिंक्रो रिंगची पकड कमी होऊ शकते. काही ऑइल दोन्ही कामांसाठी बनवलेली असतात आणि काही कंपन्या स्वतःच वेगळे ऑइल सांगतात, त्यामुळे सरसकट नियम करता येत नाही. गाडीच्या पुस्तकात जे लिहिले आहे तेच घालावे, आणि पुस्तक जीएल-४ म्हणत असेल तर दुकानदाराच्या सांगण्यावरून जीएल-५ घेऊ नये.

पातळी पाहण्यासाठी गाडी समतल उभी करून गिअरबॉक्सच्या बाजूचा भरण्याचा बोल्ट काढतात. बहुतेक गाड्यांत ऑइल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असायला हवे. ऑइल बदलताना हा भरण्याचा बोल्ट आधी सुटतो याची खात्री करूनच खालचा सोडावा. तो गंजून बसला असेल आणि खालून ऑइल निघून गेले असेल तर गाडी जागची हलवता येत नाही. खालच्या बोल्टला चुंबक असल्यास त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप जमणे नेहमीचे आहे. ऑइलमध्ये पिवळी चमक दिसली तर ती झिजलेल्या पितळी रिंगची असू शकते, आणि हाताला लागणारा धातूचा तुकडा मिळाला तर गाडी पुढे चालवू नये.

एकच गिअर त्रास देतो. यावरून काय समजते?

पुष्कळ काही. गिअरबॉक्सच्या आत पहिला-दुसरा, तिसरा-चौथा अशा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला एक स्लीव्ह आणि एक फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा) असतो. फक्त दुसरा घासतो आणि पहिला ठीक आहे, असे असेल तर दुसऱ्याची सिंक्रो रिंग झिजली असण्याची शक्यता मोठी. शहरात दुसरा गिअर सर्वांत जास्त वापरला जातो, त्यामुळे बळीही बहुधा तोच पडतो. पहिला आणि दुसरा दोन्ही जड आणि तिसरा-चौथा उत्तम, असे असेल तर त्या जोडीचा फोर्क किंवा स्लीव्ह पाहावा लागेल, पण त्याआधी गिअरची केबल पाहावी. कारण लिव्हरला दोन हालचाली असतात : डावी-उजवी हालचाल जोडी निवडते आणि पुढे-मागची हालचाल गिअर टाकते. निवडणारी केबल मापातून हलली असेल तर कडेची जोडी सापडतच नाही, आणि मालकाला वाटते की पहिला गिअर "हार्ड" झाला.

झिजलेल्या सिंक्रो रिंगची एक खास ओळख आहे. सावकाश, थांबून गिअर टाकला तर आवाज येत नाही आणि घाईने टाकला तर येतो. ट्रक चालवणारी जुनी मंडळी "डबल क्लच" मारतात, तो करून पाहावा : क्लच दाबून न्यूट्रल, पेडल सोडून खालच्या गिअरसाठी हलका ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून गिअर. असे केल्यावर घासणे थांबले तर क्लच निर्दोष आहे आणि रिंग गेली आहे, असे मानायला हरकत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगात पहिला गिअर पडत नाही, ही मात्र तक्रार नव्हे. तिथे सिंक्रो आपले कामच करत असते.

गिअर केबल आणि बुश खराब झाल्याचे कसे कळते?

लिव्हर न्यूट्रलमध्येही सैल डुलतो किंवा उलट चिखलात रुतल्यासारखा हलतो. आपल्याकडे कृष्णाकाठच्या काळ्या मातीतून, मळ्याच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाड्यांत केबलचे रबरी टोपण फाटले की माती आत शिरते आणि वाळून दगडासारखी होते. दोन्ही केबल गिअरबॉक्सकडून सोडून लिव्हर हलवून पाहावा आणि मग गिअरबॉक्सवरच्या, केबल जोडलेल्या लहान दांड्या पकडून हाताने गिअर टाकून पाहावेत. जी बाजू जड, तिथे दोष. दहा मिनिटांच्या या कामाने कित्येक गिअरबॉक्स उतरण्यापासून वाचले आहेत. प्लॅस्टिकचे बुश फुटले असतील तर तेवढेच बदलावेत. इंजिनची माउंटिंग (इंजिन ज्यांवर टेकते ते आधार) तुटली असतील तर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन कलते, केबल ताणली जाते आणि फक्त जोर असताना गिअर जड लागतो.

गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. गिअरबॉक्सचे काय करावे?

२००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या सांगलीकरांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी ऐकत आपण गाड्या उंचावर नेतो, पण सगळ्यांना ते जमत नाही. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला हवा खेळण्यासाठी एक लहान नळी असते. चालून तापलेला गिअरबॉक्स अचानक थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. गाडी कित्येक दिवस बुडून राहिली तर ते असेही आत जाते.

इंजिनची तपासणी झाल्याशिवाय सेल्फ मारू नये, हे बहुतेकांना आता ठाऊक आहे. गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट हळूच सैल करून पाहावा : पाणी तळाशी बसत असल्याने आधी पाणीच बाहेर येते, आणि गाडी चालवली गेली असेल तर ऑइल दुधाळ दिसते. असे ऑइल पूर्ण काढून नवे भरावे, थोडे चालवून पुन्हा बदलावे. दुसरा त्रास क्लचचा असतो. घंटेत पाणी शिरून गाडी आठवडाभर उभी राहिली की प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पेडल दबते, पण गिअर पडत नाही. काही जण गिअरमध्ये सेल्फ मारून, गाडीला हिसके देऊन ती सोडवतात. दाटीवाटीच्या गल्लीत हे धोक्याचे आहे, आणि त्यात प्लेटचे अस्तर उखडू शकते. पुरातून निघालेल्या गाडीचा क्लच उघडून पुसून घेणे हाच बरा मार्ग.

चालवण्याच्या सवयींमुळे गिअर जड होऊ शकतो का?

हो. गळीत हंगामात सांगली-आष्टा रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे मैलभर हाफ क्लचवर रेंगाळणे, किंवा पसरणी घाटात सुट्टीच्या दिवशी चढावर क्लचवर गाडी तोलून धरणे, यांनी प्लेट आणि प्रेशर प्लेट इतकी तापते की ती वाकू शकते. चढावर हॅण्डब्रेक वापरावा. ट्रॉलीमागे थोडे अंतर सोडून पहिल्या गिअरमध्ये पेडलवरून पाय काढून चालावे. लिव्हरवर हात टेकून बसण्याची सवयही सोडावी, कारण त्या हाताचे वजन फोर्कमार्फत फिरत्या स्लीव्हवर पडते.

रस्त्यातच क्लच गेला आणि गिअर पडेनासा झाला, तर?

घाटात असाल तर हॅण्डब्रेक ओढून, चाकामागे दगड लावून, हजार्ड दिवे लावावेत आणि मदत बोलवावी. न्यूट्रलमध्ये उतार उतरण्याचा विचारही करू नये. सपाट, रिकाम्या रस्त्यावर आणि गॅरेज जवळ असेल तरच दुसरा उपाय आहे : इंजिन बंद करून पहिला गिअर टाकावा आणि गिअरमध्येच सेल्फ मारावा, गाडी हिसका देऊन चालू लागते. त्याच गिअरमध्ये सावकाश जावे आणि थांबायचे असेल तेव्हा ब्रेक लावून इंजिन बंद होऊ द्यावे.

गिअरबॉक्स उघडावाच लागला तर काय पाहायला मागावे?

उघडताना समोर उभे राहण्याची विनंती करावी. कोणताही चांगला मिस्त्री तिला नाही म्हणणार नाही. सिंक्रो रिंग गिअरच्या कोनावर हाताने दाबून फिरवून पाहावी : चांगली रिंग पकड धरते, झिजलेली गुळगुळीत फिरते. दाबलेल्या अवस्थेत रिंग आणि गिअर यांच्यामधली फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून घ्यावी. झीज होते तशी ही फट कमी होत जाते आणि तिची किमान मर्यादा कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेली असते. स्लीव्हच्या दातांची टोके टोकदार आहेत की गोलटली आहेत, फोर्कच्या दोन्ही टाचा सारख्या झिजल्या आहेत का, हेही पाहावे. गोलटलेल्या दातांच्या स्लीव्हवर नुसती नवी रिंग घातली तर काही महिन्यांत तीच तक्रार परत येते, म्हणून अशा वेळी रिंगबरोबर हब (स्लीव्ह ज्यावर सरकते तो भाग) आणि स्लीव्हही बदलण्याचा खर्च मान्य करावा. गिअरबॉक्स खाली आलेलाच असतो, तेव्हा रिलीज बेअरिंग आणि शाफ्टचे ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्यावे. बदललेले जुने भाग एका पिशवीत घालून मागून घ्यावेत आणि बिलावर भरलेल्या ऑइलचा प्रकार आणि लिटर लिहून घ्यावेत.